मानेजवळची पांढरी कड

बाबांनी फोटो हातात घेतला, दाराच्या उजेडाकडे धरला, जबड्याजवळ बोट टेकवलं आणि पाटावर पालथा घालून ठेवला.

"हे कापलेलं हाय," ते म्हणाले.

आई जाऊन आठ दिवस झाले होते. परवा रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजींना सांगून झालं होतं, जैनथहून आणि पेनगंगेच्या पलीकडून नातेवाईक यायचे होते. टेबल शाळेतून आणलं होतं, पांढरी चादर धुऊन वाळत होती. टेबलावर ठेवायला आईचा फोटो तेवढा हवा होता आणि तो मी आज इचोड्याहून घेऊन आले होते.

मी तो सुलटा केला. राखाडी पुठ्ठ्यावर आई, खांद्यापर्यंत. चेहरा चांगला आला होता. पण केसांभोवतीने, कानाजवळून, गळ्यावरून खांद्यापर्यंत एक पांढरी कड गेली होती. दोऱ्याएवढी बारीक, पण एकदा दिसली की दुसरं काही दिसत नव्हतं.

"केशवकाका म्हणाले, असंच येतं. लोकांना आवडतं. तेज आल्यासारखं दिसतं म्हणतात."

"तिले तेज कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले. "जित्तेपणी कोनी तिले देवी म्हनलं नाई. आता मेल्यावर डोक्यामांगं चक्र लावता काय?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगनातून कापून आनली, हे पाहनाऱ्याले दिसते, माय. असा लावशील तर नको लावू. रिकामं टेबल चालन मले."

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण मनकर्णा, चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही.

बाबा खोटं बोलत नव्हते. आईने आयुष्यात एकच फोटो काढला, तोही स्वतःसाठी नाही. ज्या यशवंतरावांच्या शेतात ती कापूस वेचायची, त्यांच्या नातवाचं जावळ होतं. आदिलाबादहून फोटोवाला आला, घरची माणसं खुर्च्यांवर बसली आणि कामावरच्या बायांना कडेला उभं केलं. चौसष्ट साल. डावीकडच्या टोकाला आई उभी आहे, मागे चुन्याची पांढरी भिंत आणि कडेवर तीन वर्षांची मी. माझ्या डोक्यावर पांढरं टोपडं आहे आणि ते डोकं आईच्या गळ्याशी टेकलं आहे.

यशवंतराव आता नाहीत. त्यांच्या पत्नी रेणुकाबाईंनी भिंतीवरची फ्रेम काढून दोन दिवसांसाठी मला दिली. "लवकर आण," एवढंच म्हणाल्या. केशवकाकांनी त्याच्या दोन निगेटिव्ह करून ठेवल्या आणि मी फ्रेम परत दिली. दुसऱ्या दिवशी रेणुकाबाईंचा थोरला मुलगा हैदराबादला बिऱ्हाड हलवून गेला. बाकीच्या सामानासोबत ती फ्रेमही गेली.

मी आधी म्हटलं होतं, आई आणि मी दोघी असलेलाच तुकडा मोठा करून लावू. कापायचं कशाला? तेव्हा मावशीने माझं मनगट धरलं होतं.

"जित्या लेकराले हार घालतेस काय, गौतमे?"

मेलेल्या माणसाच्या फोटोत जिवंत माणूस असू नये. हार दोघांच्या गळ्यात पडतो. आमच्या भागात हे सगळेच पाळतात. फोटो स्टुडिओंचं अर्धं काम त्यामुळेच चालतं. लग्नातल्या, जत्रेतल्या घोळक्यातून एक माणूस कापून काढायचा आणि राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवायचा. मी हे मानत नाही. बाबा तर मुळीच मानत नाहीत, पण ते म्हणाले होते, "तिचं आयक. तिची बहीन गेली."

म्हणून कापायचं ठरलं आणि कापल्यावर ती कड उमटली.

"उद्या पुन्हा जाते," मी म्हटलं.

"आनखी काय करन तो केशव?" मावशी चुलीकडे बघतच म्हणाली. "त्याच्या हाताले कंप सुटला. चहाची बशी धरता येत नाई त्याले."

"मी करीन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

दहावीनंतर दोन वर्षं मी इचोड्याला मावशीकडे राहिले होते. तिच्या घरापासून चार दुकानं सोडून केशवकाकांचा स्टुडिओ. मी तिथे फोटो रंगवायला आणि टचिंग करायला जायची. चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं पेन्सिलीने भरायची. नंतर शिक्षिकेचा कोर्स झाला, बाजारहत्नूरच्या मराठी शाळेत नोकरी लागली आणि ते काम सुटलं. त्या दोन वर्षांत मी किती लोकांच्या आया रंगवल्या असतील. माझ्या आईला एकदाही स्टुडिओत नेलं नाही. ती एकदा मला भेटायला आली तेव्हा स्टूलवर बसून चहा प्यायली, पडदा बघितला, कॅमेरा बघितला. केशवकाका म्हणाले, "बसा बाई, काढतो एक." ती म्हणाली, "कामाच्या लुगड्यात कायले? पुढच्या खेपी." मीही हो म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी स्टुडिओत पोचले. केशवकाकांनी फोटो भिंगाखाली धरला.

"कड तर हाय," ते म्हणाले. "पन सांगू काय तुले? पाच फुटावरून कोनी पाहत नाई."

"बाबा पाहतात."

"रामाजी पहिलेपासूनच तसा." ते हसले. मग हसू थांबलं. "भिंतीचा पांढरा हाय तो. केसाच्या बाहेरून कापलं की भिंत संगं येते. आतून कापलं तर केस जातात, डोकं टोपी घातल्यावानी गुळगुळीत होते. मंग एकच रस्ता. निगेटिव्ह खरवडा लागन."

मला ते आठवत होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. फोटोत जे पांढरं, ते निगेटिव्हवर काळं, दाट. तो दाट थर सुरीने हळूहळू पातळ केला की छापताना तिथून उजेड जास्त जातो आणि कागदावर पांढऱ्याऐवजी राखाडी येतो. आईच्या केसांना लागून असलेली भिंत तेवढी राखाडी करायची, पुठ्ठ्याच्या रंगाची. मग बाहेरून कापलं तरी कड दिसत नाही आणि सुटे केसही जागेवर राहतात. पण खरवडलेलं परत भरून येत नाही. सुरी आईच्या गालावर गेली तर फोटोत तिथे काळा ओरखडा पडणार.

"एकावर मी पाह्यतो," काका म्हणाले. "तू दुसरी सांभाळ."

त्यांनी टचिंगचा डेस्क खिडकीपाशी ओढला. तिरप्या लाकडी चौकटीत दुधी काच आणि खाली आरसा. आरशात बाहेरचा उजेड पडला की निगेटिव्ह खालून उजळते. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, सुरी दगडावर दोनदा फिरवली, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. केसांच्या वरचा भाग चांगला झाला. मी पाहत होते. थर भुकटीसारखा सुटत होता आणि ते फुंकर न मारता ब्रशने झाडत होते. कपाळापर्यंत आले. कानापर्यंत आले.

रस्त्यावरून नागपूरकडचा ट्रक गेला. स्टुडिओ हायवेला लागून आहे. खिडकीची तावदानं हलली, डेस्क हलला. काकांनी हात उचलला, पण हात उचलतानाच थरथरला.

मी वाकून पाहिलं. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आरपार रेघ गेली होती.

त्यांनी सुरी खाली ठेवली. भिंग काढलं, डोळे चोळले.

"मी मागच्याच वर्षी बंद कराले पाह्यजे होतं," ते म्हणाले. मग सुरीची मूठ माझ्याकडे करून पुढे सरकवली. "बस."

आता एकच निगेटिव्ह होती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. शनिवारी एक ते चार करंट जायचा. खरवडायला करंट लागत नाही, उजेड लागतो. पण छापायला लागतो. आदिलाबादची शेवटची सोयीची बस साडेपाचला होती. ती चुकली तर पुढे जैनथकडे, आमच्या गावाला जायला काही मिळालं नसतं.

"आदी फेकायच्या फिल्मवर हात चालव," काका म्हणाले.

त्यांच्या फेकायच्या डब्यातून कुणातरी नवरदेवाची निगेटिव्ह काढून मी तिच्यावर तासभर हात बसवला. पहिल्या चार जागी आरपार भोकं पडली. मग बोटांना आठवू लागलं. सुरी उभी नाही, जवळजवळ आडवी. खणायचं नाही, तासायचं. श्वास निगेटिव्हवर पडू द्यायचा नाही. ओलसर झाली की थर सोलून येतो.

नवरदेवाच्या फेट्याभोवतीची भिंत एकसारखी राखाडी झाली तेव्हा काकांनी आईची निगेटिव्ह काचेवर ठेवली.

मी भिंग लावलं आणि थांबले.

निगेटिव्हमध्ये आईचे केस पांढरे होते. शेवटी होते तसे. पंचविशीचा चेहरा आणि पांढरे केस. मी दोनदा पापण्या मिटल्या, उघडल्या. रडू आलं तर भिंगात पाणी जाईल आणि काम थांबेल, एवढाच विचार केला.

"चेहऱ्याकडं पाहू नको," केशवकाका मागून म्हणाले. "कडीकडं पाह्य. मी रस्त्याकडं पाहतो. ट्रक दिसला का सांगतो."

ते दारात जाऊन उभे राहिले. मी सुरी टेकवली.

केसांच्या भांगाकडून सुरुवात केली. एक कण, दुसरा कण, ब्रश. दोन सुटे केस भिंतीवर आले होते. त्यांच्या मधली भिंत सुरीच्या टोकाने तासावी लागली.

"ट्रक."

हात वर. तावदानं हलली. थांबली.

"हां."

पुन्हा सुरी. कपाळाची बाजू संपली. कानाजवळ केशवकाकांची चूक झाली होती तिथे मी सर्वात हळू गेले. ढग आला आणि आरसा काळवंडला. मी हात तसाच धरून बसले. खांद्यात कळ आली. ढग सरला.

"ट्रक. दोन हायत."

हात वर.

एक वाजता पंखा थांबला. करंट गेला. माझ्या लक्षात आलं की केस, कान, उजवा खांदा झाला आहे आणि उरली आहे फक्त डावी बाजू. माझी बाजू.

तिथे भिंत नव्हती. तिथे माझं टोपडं होतं. फोटोत पांढरं, निगेटिव्हमध्ये काळं आणि आईच्या जबड्याला इतकं टेकलेलं, की दोघींच्या मध्ये केसाएवढीही फट नव्हती. काल जी कड सगळ्यात ठळक दिसत होती ती याच जागी होती. बाबांचं बोटही आधी तिथेच गेलं होतं. भिंतीच्या चुन्याची कड नव्हती ती, टोपड्याची होती.

"काका, इथे फट नाही."

ते आले, बिनभिंगाचे वाकले, काही दिसलं नसावं. "मंग जबड्याची रेघ तुलेच ठरवा लागन. कुठं तुझं डोकं संपते अन कुठं तिचा जबडा लागते, हे मी सांगू शकत नाई."

मी बराच वेळ पाहिलं. टोपड्याच्या काठाला आईने टाके घातले होते. भिंगातून ते एकेक दिसत होते. टाक्यांची ओळ होती तिथपर्यंत मी. पुढे ती. टाके धरून जायचं, एवढंच होतं.

मी टाके खरवडले. एकामागून एक. सतरा होते. प्रत्येक टाक्यानंतर ब्रश, प्रत्येक ब्रशनंतर जबड्याची रेघ तपासायची. अकराव्या टाक्याला काका म्हणाले, "ट्रक," आणि मी हात उचलला, पण उचलण्याआधी सुरीचं टोक किंचित आत गेलं. आरपार नाही. जबड्याच्या खाली, गळ्याच्या सावलीत. सावली फोटोत काळीच असते. ओरखडा सावलीत मुरेल की नाही ते छापल्यावरच कळणार होतं.

"काय झालं?"

"काही नाही. पुढे किती ट्रक आहेत?"

"रस्ता मोकळा हाय."

सतरावा टाका गेला तेव्हा पावणेतीन वाजले होते. मी सुरी ठेवली. बोटं सरळ होईनात. काकांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला.

चारला करंट यायचा, तो आला नाही. सव्वाचारला नाही. काकांनी डेव्हलपर काढून ठेवलं, फोटो पक्का करायचं हायपो काढून ठेवलं, डार्करूमचा पडदा लावून ठेवला. आम्ही दोघं न पेटलेल्या लाल दिव्याखाली उभे होतो. बाहेर बसस्टँडवरचा कंडक्टर "आदिलाबाद, आदिलाबाद" ओरडत होता.

चार पंचवीसला दिवा लागला.

एन्लार्जरखाली कागद ठेवला, उजेड सोडून सेकंद मोजले, कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी केस आले. मग डोळे. मग गळ्याची सावली भरू लागली. मी त्या सावलीकडेच पाहत होते. ती गडद होत गेली, आणखी गडद झाली, आणि ओरखडा तिच्यात बुडून गेला.

"दिसते काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

ते भिंतीला टेकले. "मंग घे बाहेर. बुडवून ठेवशील तर सगळंच काळं होईन."

वाळवून, कापून, कागदाची कड मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करून, खळ लावून पुठ्ठ्यावर दाबेपर्यंत पाच वाजले. जिथे मी होते तिथला खांदा आणि पदराचा काठ पेन्सिलीने काढायचा होता. काका म्हणाले, "दुसऱ्या खांद्याचा काढ, उलटा." मी काढला. आईचा खांदा कसा उतरायचा ते मला पाठ होतं. साडेपाचची बस सुटताना मी पायरीवर होते, काकांनी काच बसवून दिलेली नवी फ्रेम हातात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

रविवारी सकाळी बाबांनी कागद सोडला. फोटो दाराशी नेला. बोटाचं टोक काचेवरून केसांच्या बाजूने फिरवलं, कानाजवळून, जबड्याखालून. दोनदा फिरवलं.

"कुठं गेली कड?"

"काढली."

"आता आपल्या जागेवर उभी हाय," ते म्हणाले. आणि त्यांनी स्वतः फोटो पांढऱ्या चादरीवर ठेवला.

माणसं येऊ लागली. भंतेजी यायला अर्धा तास होता. मावशी मोगऱ्याचा हार घेऊन टेबलापाशी आली. हार दोन्ही हातांत धरून फ्रेमवर घालायला वाकली आणि तशीच राहिली.

"गौतमे."

मी जवळ गेले.

"हे कोनाकडं वाकून राह्यली?"

मी फोटोकडे पाहिलं. कडीशिवाय. पहिल्यांदाच नुसतं पाहिलं. आईची मान डावीकडे कललेली होती, आणि गाल किंचित दबलेला, जसा कुणाचं डोकं त्याला टेकल्यावर दबतो. तिथे आता राखाडी पुठ्ठा होता आणि मी काढलेला खांदा. काल दिवसभर मी कड पाहिली, टाके पाहिले, सावली पाहिली. मान पाहिली नव्हती. काकांनी सांगितलं होतं, चेहऱ्याकडं पाहू नको.

"कोणाकडे नाही, मावशी. तिथे कुणी नाही आता."

"मले शिकवू नको." तिचा आवाज वाढला नाही. "माह्यी बहीन हाय ते. रिकाम्या जागेकडं मान वाकडी करनारी बाई नव्हती. तू हायेस तिथं."

मागे बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. भंतेजींची सायकल गल्लीत वळल्याचं कुणीतरी सांगत होतं. मला वाटलं, आता मावशी फोटो उचलायला सांगेल आणि दुसरा फोटो तर नाहीच. निगेटिव्हवरचं जे खरवडलं ते परत येणार नव्हतं.

"काढून ठेवू का?" मी विचारलं.

मावशीने पुन्हा फोटोकडे पाहिलं. मग तिने हार फ्रेमपासून मागे घेतला, नीट गोल केला आणि चादरीवर मेणबत्त्यांच्या ओळीत ठेवला. फ्रेमला एकही फूल लागणार नाही इतका दूर.

"वर नाई घालाचा," ती बाबांना म्हणाली. "कोनी आनला तरी खालीच ठेवाले सांगा. पोरगी हाय त्यात."

बाबा मानेनेच हो म्हणाले.

"अन तू कायले उभी? बस," ती मला म्हणाली आणि टेबलाच्या डाव्या बाजूला, आईची मान कलली होती त्या बाजूला, सतरंजीवर हाताने जागा साफ केली.

मी तिथे बसले. भंतेजी आत आले.